यातलं खरं बोलणं कोणतं?

सुरतेहून लग्नाला आलेल्या पाहुण्याबद्दल धुळ्या-नंदुरबारच्या मांडवात हमखास कानावर येतं: "शेठजवळ गुजराती, आपल्याजवळ अहिराणी, बायकोच्या माहेरी पुस्तकी मराठी. याचं खरं बोलणं कोणतं?" सूर असा, जणू गड्याच्या खिशात तीन आधारकार्डं सापडली. निकालही तयार असतो: दुतोंडी आहे, मिंधा झाला.

अहो, तिन्ही खरी. समोर कोण आहे हे पाहून शब्द, वेग, हेल आणि प्रसंगी भाषाही बदलते, ती सगळ्यांचीच. कलेक्टर शिपायाशी बोलतो तसा मंत्र्याशी बोलत नाही. हॉवर्ड जाइल्स या वेल्श मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात याची रीतसर मांडणी केली. कार्डिफमधल्या एका प्रवासी कचेरीत भाषाशास्त्रज्ञ निकोलस कूपलंड यांनी तिथल्या कर्मचारी बाईंची संभाषणं ध्वनिमुद्रित केली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाईंचे उच्चार गिऱ्हाइकागणिक बदलताना दिसले. आणि यात बाईंनी भाषा बदलली नव्हती, होती ती इंग्रजीच.

परदेशी दाखला नको असेल तर भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी १९७२ साली दिलेला मुंबईचा मसाल्याचा गुजराती व्यापारी घ्या. घरी गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्याच्या वर्तुळात कच्छी आणि कोकणी. याला आपण व्यवहारचातुर्य म्हणतो. सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या कामगाराने तेच केलं की तो लाचार! माझा खरा राग या दुटप्पीपणावर आहे.

ज्याची गरज जास्त, तो बहुधा जास्त वळतो, हे मात्र खरं. रिंग रोडच्या कापडबाजारात नोकर शेठच्या गुजरातीकडे जेवढा सरकतो, तेवढा शेठ त्याच्या अहिराणीकडे सरकत नाही. पण ओडिशातल्या गंजामहून आलेल्या लूम कारागिराकडून काम करून घ्यायचं असलं की तोच शेठ हिंदीवर येतो. बोलण्याचा कल पाहिला तर त्या घडीला कोणाचं कोणावाचून अडलंय ते कळतं. त्यावरून चारित्र्याचा दाखला निघत नाही.

"जुळवून घेणारा जुळवतच जातो, शेवटी आपली भाषा विसरतो" हाही एक लाडका समज. पण माणूस मुद्दाम उलट दिशेलाही जातो. रिचर्ड बूऱ्ही आणि जाइल्स यांच्या १९७७च्या प्रयोगात वेल्श शिकणाऱ्या प्रौढांना ठसठशीत साहेबी इंग्रजीत विचारलं गेलं, की मरू घातलेली भाषा शिकता कशाला? डिवचले गेलेले बरेच जण उत्तर देताना इंग्रजीच बोलले, पण जास्तच वेल्श हेलात. सुरतेत कोणी 'घाटी' म्हणून हिणवलं की मराठी कशी टणक होते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. आणि विसरण्याचंच म्हणाल, तर सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. त्या काय रिकाम्या बाकांसाठी?

भाषा एकमेकींजवळ आल्या की नष्ट होतात? सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली मांडला. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना शतकांच्या शेजाराने जवळपास एकसारखी झाली होती, तरी शब्द ज्याचे त्याचे राहिले आणि घरोघरी आपापली भाषा टिकली.

हे सगळं ठरवून केलं जातं? बहुतेक वेळा बोलणाऱ्याला पत्ताही नसतो.

जितकं जुळवून घ्यावं तितकं चांगलं? मुळीच नाही. म्हाताऱ्या माणसांशी बोबड्या, ताणलेल्या सुरात बोलणं त्यांच्यातल्या अनेकांना अपमानाचं वाटतं, असं अभ्यास सांगतात. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून स्पष्ट बोला. उभा जन्म लूमच्या खडखडाटात काढलेल्या आजोबांना "गोड गोड औषध घ्यायचं हं" कशाला?