कार्डसुद्धा झिजतं

यंदा शिमग्याच्या आधी माझ्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड बंद पडलं. त्यात आमच्या आत्येच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आत्ये आता नाही, आणि दुसरी प्रत मी कुठे ठेवलीच नव्हती. दुकानदार म्हणाला, "झिजला गो बाय!" नखाएवढ्या कार्डात फिरणारं काहीच नाही, मग झिजतं काय?

आत कोट्यवधी सूक्ष्म घरं असतात. त्यांत विजेचा कणभर भार कोंडून आवाज आणि फोटो साठवतात. भार आत ढकलताना, बाहेर काढताना घराभोवतीचा पातळ पडदा थोडा थोडा कमकुवत होतो. साध्या कार्डातलं घर हे काही शे ते काही हजार वेळा सोसतं. ही मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे आणली.

आता गंमत पाहा. प्रत्येक नव्या फोटोसोबत कार्डातली फोटोंची यादीही बदलते. ती कायम एकाच जागी लिहिली, तर बाकी कार्ड कोरं असताना तेवढीच जागा मरेल. सप्ताहाच्या जेवणाला शंभर नारळ खवायचे, तर आपण एकीलाच आडाळ्यावर बसवतो का? कार्डातही एक मुकादमीण असते, तिचं नाव कंट्रोलर. कुठला कप्पा किती वेळा पुसला याचा ती हिशेब ठेवते आणि नवं लिखाण कमी झिजलेल्या कप्प्यात पाठवते. काही कप्पे तिने राखून ठेवलेले असतात. एखादा निकामी झाला की त्यातला एक पुढे येतो. राखीव संपले की मात्र तिचाही इलाज चालत नाही.

म्हणून कार्ड गच्च भरू नका. मोकळी जागा नसेल तर तेच ते थोडे कप्पे पुन्हा पुन्हा पुसले जातात. ऐकण्याने, बघण्याने झीज जवळजवळ होत नाही. ओव्या खुशाल रोज ऐका. होमस्टेच्या कॅमेऱ्याचं कार्ड मात्र रात्रंदिवस लिहीत असतं. त्यासाठी दुकानात ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड मागा, मोबाईलमधलं जुनं तिथे घालू नका.

कार्ड वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलं तरी भार हळूहळू गळतो. गटाच्या पासबुकाचे, पावत्यांचे फोटो म्हणून दोन ठिकाणी ठेवा. आणि फोटो उतरेनासे झाले, मोबाईल ‘फॉरमॅट करू का?’ विचारू लागला, तर ‘हो’ दाबू नका. आधी जे निघेल ते दुसरीकडे उतरवून घ्या.