वाकलेला पत्रा सरळ का होत नाही?

जव्हार-मोखाड्याच्या पावसात जुन्या वर्कशॉपमधली लोखंडी कपाटं गंजतात, खण वाकतात. दोन ठोके मारले की होईल सरळ, असं वाटतं. पण घडी पडलेली जागा तशीच राहते, वाक मात्र शेजारी सरकतो.

पोलादात अणूंचे थर असतात, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. थोडं वाकवलं तर ते ताणले जाऊन परत जागेवर येतात. जास्त वाकवलं की एकमेकांवरून घसरतात आणि तिथेच राहतात. घसरताना आत गुंता होतो, पुढचं घसरणं अवघड होतं. म्हणून घडीची जागा शेजारच्या पत्र्यापेक्षा कडक असते. तार वाकवून सरळ करून बघा, बारीक बाक उरतोच.

पोचा काढताना मागे जड ठोकळा धरून कडेकडून हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडीचे जोरदार घाव पत्रा चिमटून पातळ करतात. पातळ झालेला पत्रा पसरतो, जागा पुरत नाही म्हणून फुगतो आणि अंगठ्याने दाबला की 'टक्क' वाजतो. लाकडी हातोडा इथे खरा सोबती. घडी उलगडताना सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावी. सोडली की ती थोडी मागे येतेच.