साधनचिकित्सा

साधनचिकित्सा : अभ्यासप्रकल्पासाठी वापरावयाच्या साधनांची विश्वसनीयता पारखण्याची पद्धती. साधनांचे प्राथमिक (मूळ पत्रे, शिलालेख, नाणी, समकालीन नोंदी) व दुय्यम (त्यांवर आधारलेले ग्रंथ, लेख) असे दोन वर्ग मानतात. साधन कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने निर्माण केले आणि लिहिणाऱ्यास माहिती कशी मिळाली, हे प्रथम पाहावे लागते.

उदा., छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म उत्तरकालीन बखरींच्या आधारे १६२७ मध्ये झाल्याचे मानले जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत जन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) अशी आढळली. समकालीन कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळाल्याने तीस बळकटी आली.

एकमेकांवरून उतरविलेल्या अनेक ग्रंथांचे मतैक्य हा वस्तुतः एकच पुरावा होय; परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन साधनांचा मेळ त्याहून मोलाचा असतो. तथापि समकालीन लेखनही पक्षपातापासून मुक्त असतेच असे नाही. म्हणून विद्यार्थ्याने दुय्यम ग्रंथातील विधान शक्य तेथे मूळ साधनाशी ताडून पाहावे व आपला आधार नमूद करावा.