ज्वारीचे बी आणि बांटू भाषिकांचा प्रसार

पुणे शहराच्या शनिवार पेठेत, शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात, पूर्वी शहराचा भाजीबाजार भरत असे. १८८६ साली शुक्रवार पेठेत मंडईची नवी इमारत झाल्यावर तो तेथे गेला. बाजार हलला तरी पेठेतील जेवण बदलले नाही. ज्वारीची भाकरी व चवळीची उसळ आजही तेथील घरांत आपलीच मानली जाते. तथापि ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी आणि कारळे ही पाचही पिके मूळची आफ्रिका खंडातील होत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात त्यांतील काही धान्ये भारतात येऊ लागली आणि पुढे दख्खनच्या मातीत अशी रुजली की, त्यांचे परकेपण कोणाच्या स्मरणातही उरले नाही.

ज्वारी सुदानच्या पूर्व भागात प्रथम लागवडीखाली आली. तेथून तिची एक वाट भारताकडे वळली, तर दुसरी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे गेली. दक्षिणेकडील वाटेने तिला नेणारे शेतकरी बांटू भाषा बोलणारे होते.

बांटू भाषिक कोण?

बांटू हे एका जातीचे वा एका राज्याचे नाव नव्हे. ते सुमारे पाचशे भाषांच्या एका कुळाचे नाव होय. या भाषांत माणसांना ‘वातू’, ‘अबान्तू’ असे सारखे शब्द आहेत, हे पाहून विल्हेल्म ब्लीक या भाषापंडिताने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात हे नाव रूढ केले. या भाषांचे मूळ स्थान आजच्या नायजेरिया व कॅमेरून या देशांच्या सीमेवर होते, असे भाषांच्या तुलनेवरून ठरले आहे.

चार ते पाच हजार वर्षांपूर्वी तेथून लोकांच्या लहान लहान तुकड्या पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकू लागल्या. हा प्रसार एखाद्या सेनेच्या स्वारीसारखा नव्हता. जमिनीचा कस कमी झाला किंवा कुटुंबे वाढली की, काही घरे पुढच्या नदीकाठी जाऊन वसत. असे पिढ्यान् पिढ्या चालले आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हे शेतकरी लिंपोपो नदीच्या दक्षिणेस पोहोचले.

शेजाऱ्यांकडून घेतलेले ज्ञान

प्रारंभी या लोकांजवळ सुरणासारखे कंद, तेल देणारा ताड, मातीची भांडी व दगडी कुऱ्हाडी होत्या. ज्वारी त्यांच्याजवळ नव्हती. पूर्व आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात आल्यावर शेजारच्या अन्यभाषिक लोकांकडून त्यांनी तृणधान्यांची शेती व गुरांचे पालन उचलले. त्याच प्रदेशात लोखंड गाळण्याची विद्याही त्यांच्या हाती आली. लोखंडी कुदळ व कुऱ्हाड, ज्वारीचे बी आणि गुरे एवढ्या बळावर कोरड्या प्रदेशातही गावे वसविता आली. आशियातून आलेली केळीही पुढे त्यांच्या मुख्य पिकांत गणली गेली.

मात्र या प्रसाराला दुसरी बाजूही आहे. शिकार करून व कंदमुळे गोळा करून राहणाऱ्या अनेक जुन्या समाजांची भूमी आक्रसली व त्यांच्या कित्येक भाषा लोपल्या. तरी देवघेव एकतर्फी नव्हती. झुलू व खोसा या बांटू भाषांत जिभेने टाळूवर वाजविले जाणारे ध्वनी आहेत. ते त्या जुन्या रहिवाशांच्या भाषांतूनच आले.

काफिर ज्वारी व आपला संकर

दक्षिण आफ्रिकेतील बांटू भाषिक शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवड करून ज्वारीचा एक निराळा गट टिकविला. त्यास शास्त्रीय ग्रंथांत ‘काफिर’ म्हणतात. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असून त्या देशात तो शब्द आज अपमानकारक मानला जातो. बियाण्याचे मोल मात्र मोठे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही ज्वारी अमेरिकेत गेली. ‘मायलो’ ज्वारीच्या मादी झाडावर काफिर ज्वारीचा वारंवार संकर केला असता ज्यांचे परागकण वांझ असतात अशी झाडे मिळतात, असे टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी १९५४ साली दाखविले. अशा झाडांमुळे मोठ्या प्रमाणावर संकरित बी तयार करणे शक्य झाले.

भारतात १९६४ साली प्रसृत झालेला पहिला संकरित ज्वारी वाण सी.एस.एच.-१ होय. त्याची मादी याच काफिर गटातून आलेली होती. दूरच्या अनाम शेतकऱ्यांनी घरी राखलेले बी अशा रीतीने महाराष्ट्राच्या खरिपात उभे राहिले. त्याने उत्पन्न वाढविले. परंतु ते लवकर निसवत असल्याने परतीच्या पावसात कणसांवर बुरशी येऊन दाणा काळा पडे. रब्बीच्या कोरडवाहू भागात मात्र ‘दुर्रा’ गटातील मालदांडी व तिच्यातून निवडलेली एम ३५-१ ही जात भाकरीच्या चवीमुळे व कडब्यामुळे टिकून राहिली.

यापासून घ्यावयाचा बोध

नवा वाण घ्यावा. बांटू भाषिकांनीही शेजाऱ्यांचे चांगले पीक घेण्यात कमीपणा मानला नाही. पण नव्यासाठी जुन्याचे बी संपू देऊ नये. आज ज्याचे मोल कळत नाही, त्यातच उद्याच्या रोगाला वा अवर्षणाला तोंड देणारा गुण असू शकतो.

गावात एखादी जुनी ज्वारी, बाजरी वा नाचणी उरली असल्यास शेतकरी बंधूंनी ती थोड्या क्षेत्रावर, इतर वाणांपासून दूर पेरावी. कापणीपूर्वी उभ्या पिकातून निरोगी व जातिवंत कणसे निवडून, चांगली वाळवून वेगळी ठेवावीत. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरू नये, कारण पुढील पिढीत त्याचे गुण विखुरतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा जुन्या वाणांची नावे व गुण लिहून ठेवावेत. २००१ च्या कायद्यान्वये शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते, ही माहितीही त्यांनी घरोघर पोहोचवावी.

शनिवार पेठेतील ताटात पडणाऱ्या भाकरीमागे कोणा एका देशाचे नव्हे, तर बी राखणाऱ्या असंख्य हातांचे श्रम आहेत. ती राखण आता आपल्याकडे आली आहे.