निसर्गफेरी आणि डोळ्यांच्या वीस जोड्या

निसर्ग पाहायला एकट्याने जावे की समूहाने, याबाबत जाणकारांत दोन मते आढळतात. मुरलेले पक्षिनिरीक्षक एकटे जाणे पसंत करतात. वीस मुलांच्या पावलांचा आवाज झाला की पाखरू उडते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु निसर्गफेरी म्हणजे केवळ पक्षी नव्हेत. झाडाची साल, दगडाखालची माती, पानाची खालची बाजू या गोष्टी आपल्याला पाहून उडून जात नाहीत. त्या पाहताना समूहाला जो आनंद मिळतो, तो निव्वळ सोबतीचा नसतो. त्यामागे एक साधे गणितही आहे.

समजा, वाटेकडेच्या झुडपावर पानाच्याच रंगाचा एक नाकतोडा बसला आहे आणि जाणाऱ्या दहा जणांपैकी एखाद्यालाच तो दिसावा, इतका तो बेमालूम मिसळून गेला आहे. म्हणजे एका व्यक्तीला तो न दिसण्याची संभाव्यता ०.९. वीस जणांपैकी कुणालाच न दिसण्याची संभाव्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२. याचा अर्थ, वीस जणांपैकी निदान एकाला तरी तो दिसण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के! एकाला दिसला की तो सर्वांनाच दिसतो. अकरावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना नाणी आणि फासे यांच्या जोडीला हे उदाहरण जरूर घ्यावे.

मात्र या गुणाकाराला एक अट आहे. प्रत्येकाचे पाहणे दुसऱ्याच्या पाहण्यापासून स्वतंत्र हवे. आपल्याकडच्या अनेक फेऱ्यांत नेमके हेच घडत नाही. मार्गदर्शक पुढे चालतो, बोट दाखवतो, नाव सांगतो. मुले वहीत नाव लिहितात आणि पुढच्या बोटाची वाट पाहतात. डोळ्यांच्या वीस जोड्यांची एकच जोडी होते, तीही मार्गदर्शकाची. परत आल्यावर वहीत चाळीस नावे असतात, पण पाहिलेले फारसे काही नसते. म्हणून थोडे आग्रहाने म्हणावेसे वाटते की चांगल्या मार्गदर्शकाने निम्मा वेळ गप्प राहावे.

मग मार्गदर्शक हवाच कशाला? हे समजण्यासाठी दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण कोरड्या भुसभुशीत मातीतल्या खड्ड्यांचे. देवळाच्या ओसरीखाली, पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला, जिथे पावसाचे पाणी पडत नाही अशा जागी नरसाळ्याच्या आकाराचे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे खड्डे दिसतात. तळाशी माती अंगावर घेऊन एक अळी दडलेली असते. इंग्रजीत हिला अँटलायन, म्हणजे मुंग्यांचा सिंह म्हणतात. मुलांना अशा जागेपाशी आणावे, पाच मिनिटे बसायला सांगावे आणि काही बोलू नये. एकाला खड्डे दिसतात. दुसऱ्याला घसरत जाणारी मुंगी दिसते. तिसरी मुलगी म्हणते, ‘खालून कोणीतरी माती उडवतंय.’ आणि हमखास कुणीतरी विचारते, ‘खड्डे लहानमोठे आहेत, पण उतार सगळ्यांचा सारखाच कसा?’

हा प्रश्न मिळाला की फेरी सार्थकी लागली असे खुशाल समजावे. कोरडी माती एका ठरावीक कोनापेक्षा अधिक तिरकी उभीच राहू शकत नाही. खळ्यावर धान्याची रास कितीही मोठी केली तरी तिचा उतार तोच राहतो, त्याचे कारणही हेच. अळी खड्ड्याचा उतार या मर्यादेच्या जवळ राखते, त्यामुळे मुंगीच्या पायाच्या धक्क्यानेही माती ढासळते. मुंगी वर चढू लागली, तर अळी डोक्याने माती उडवून घसरण आणखी वाढवते. कंपासपेटीतला कोनमापक इथे बाहेर काढावा.

इथपर्यंतचे बरेचसे मुले आपण होऊन पाहतात. पुढचे मात्र कुणीतरी सांगावे लागते. ही अळी कोशात जाते आणि चतुरासारखे लांब पंख असलेला कीटक होऊन बाहेर येते. अळी असताना ती विष्ठा टाकतच नाही. तिच्या अन्ननलिकेचा मधला भाग मागच्या भागाला जोडलेला नसतो. साठलेले सारे ती प्रौढ झाल्यावर एकदाच बाहेर टाकते. सातवी-आठवीच्या मुलांना संपूर्ण फेरीत हीच गोष्ट सर्वाधिक लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे!

दुसरे उदाहरण उंबराचे. इथे नुसत्या डोळ्यांचा उपयोग नाही. फारा दिवसांनी भेटणाऱ्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, कारण उंबराला फूल आलेले कुणी पाहिलेले नसते. मार्गदर्शकाने एक कोवळे उंबर चिरून हातातल्या भिंगाखाली धरावे. आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने लागलेली असतात. पिकायला आलेले उंबर चिरले तर केंबरे बाहेर पडतात आणि मुले तोंड वाकडे करतात. पण त्यांतल्या एका जातीच्या इवल्या गांधीलमाशीवाचून उंबराचे परागण होत नाही. तिची मादी टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते आणि शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती फुलांवर पराग पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. ते माद्यांशी समागम करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडून वाट करून देतात आणि संपतात. पराग घेऊन माद्या त्या वाटेने दुसऱ्या उंबराच्या शोधात जातात. हे एकट्याने कितीही वेळ झाडाखाली बसून कळणार नाही. मात्र उंबरावर बाहेर बसून लांब सुईसारखा अवयव आत खुपसणाऱ्या दुसऱ्या माश्या मुलेच शोधून दाखवतात. त्या परागणाचे काम न करता आत अंडी घालणाऱ्या निराळ्या जाती असतात.

आता पुन्हा गणिताकडे. आपण काय पाहिले हे सांगता येते. पण पाहायचे राहून काय गेले, याचा अंदाज करता येईल का? समूह असेल तर येतो. खड्ड्यांची जागा दोरीने आखून घ्यावी. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने दुसऱ्याला न दाखवता खड्डे मोजावेत आणि नकाशावर खुणा कराव्यात. समजा पहिल्या गटाला २४ खड्डे सापडले, दुसऱ्याला २० आणि दोघांना सापडलेले सामाईक १६. दुसऱ्या गटाच्या २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के, पहिल्याला दिसले होते. तेव्हा पहिल्याचे २४ हे एकूण खड्ड्यांच्या ८० टक्के मानले, तर एकूण खड्डे ३० होतात. दोघांनी मिळून पाहिले २८. दोन खड्डे कुणालाच दिसले नाहीत! डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ मध्ये माशांसाठी आणि अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये बदकांसाठी हेच तत्त्व वापरले. त्यांनी खुणा प्रत्यक्ष प्राण्यांवर केल्या, एवढाच फरक. अगदी बारीक खड्डे दोन्ही गटांच्या नजरेतून सुटतात, त्यामुळे हा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा थोडा कमीच येतो. तो का कमी येतो, हे मुलांनाच विचारावे.

फेरीसाठी वीसपेक्षा अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत. अंतर एक किलोमीटर पुरे. गावातला गुराखी किंवा शेतकरी सोबत येत असेल तर त्याला अवश्य बोलवावे. त्याची नावे पुस्तकात नसतील, पण कोणते झाड कधी मोहरते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. खड्डे पाहायचे तर दिवाळीनंतर ते पहिल्या वळिवापर्यंतचे दिवस सोयीचे. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, त्यामुळे शाळेजवळचे एखादे झाड हेरून ठेवले की काम भागते.