अर्जापूर्वीचा प्रश्न

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन विंचूदंशावर योजले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव मांडला. औषध जुनेच, प्रश्न मात्र रुग्णाच्या खाटेपाशी सुचलेला. आम्हां रत्नागिरीकरांना हे उदाहरण जवळचे.

रुग्णाची औषधयोजना पाहणारी फार्म.डी. आणि संशोधनाची पीएच.डी. यांचा अमेरिकेतील जोडअभ्यासक्रम अशा वृत्तीच्या विद्यार्थ्यांसाठीच असतो. आपल्याकडे २००८ पासून फार्म.डी. आहे, ती बारावीनंतर सहा वर्षांची. पीएच.डी. त्यापुढे, किमान तीन वर्षे. म्हणजे नऊ वर्षांचा संसार! तेव्हा अर्जात नुसती गुणांची जंत्री पुरत नाही. कोणता प्रश्न आपणांस स्वस्थ बसू देत नाही, तो कोठे भेटला, त्यासाठी काय केले, हे लिहावे. प्रश्नच नसेल, तर एकच पदवी घ्यावी; त्यात कमीपणा नाही.