रानात जाण्यापूर्वीचे तीन आठवडे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सह्याद्रीतील निसर्गशिबिरांची पत्रके शाळांच्या फलकांवर दिसू लागतात. बारा ते चौदा वर्षांची मुले आठ-दहा दिवस रानात राहतात. तंबू ठोकणे, गाठी मारणे, चूल पेटवणे, दिशा ओळखणे अशा गोष्टी तेथे शिकतात. पालकांच्या हाती सामानाची यादी पडते आणि टोपी, विजेरी, पाण्याची बाटली, सतरंजी यांची खरेदी झाली की तयारी पूर्ण झाली असे सर्वांना वाटते. पण दोन गोष्टी कोणत्याही यादीत नसतात व दुकानातही मिळत नाहीत. एक म्हणजे उन्हाला सरावलेले शरीर आणि दुसरी म्हणजे स्वतः पडताळून पाहिलेली युक्ती. या दोन्हींसाठी सुमारे तीन आठवडे लागतात, आणि ते काम शाळेच्या मैदानावर उत्तम होते.

चढाची उष्णता

प्रथम एक हिशेब करू. आठवी-नववीच्या मुलांना तो फळ्यावर करून दाखवता येईल. चाळीस किलो वजनाचा मुलगा पाच किलोची पिशवी पाठीवर घेऊन ५०० मीटर उंचीचा डोंगर चढतो. ४५ किलो वस्तुमान ५०० मीटर उचलण्यासाठी सुमारे २,२०,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ५३ किलोकॅलरी कार्य करावे लागते. परंतु आपल्या स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असते. २० टक्के धरल्यास एकूण ऊर्जा सुमारे २६० किलोकॅलरी लागते आणि त्यांपैकी सुमारे २१० किलोकॅलरींची उष्णता होते.

ही उष्णता शरीरातच राहिली तर काय होईल? शरीराचा विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा थोडा कमी, सुमारे ०.८३ आहे. म्हणजे चाळीस किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास ३३ किलोकॅलरी पुरतात. २१० ला ३३ ने भागा. उत्तर सहा अंशांच्या वर येते. ३७ अंशांचे शरीर ४३ वर जाईल आणि तेवढ्या तापमानाला माणूस जगणे कठीण. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण घाम येतो. त्वचेवरून एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. हाच तो पुस्तकातला बाष्पनाचा अप्रकट उष्मा. या हिशेबाने २१० किलोकॅलरी बाहेर टाकण्यास सुमारे ३६० ग्रॅम घाम वाळावा लागेल. उन्हाची उष्णता वेगळीच, आणि जो घाम न वाळता थेंबाथेंबाने गळून जातो तो थंडावा देत नाही. म्हणून एका चढात अर्धा ते एक लिटर पाणी शरीरातून गेले तर नवल नाही.

सराव कशाने होतो?

दक्षिण आफ्रिकेतील खोल सोन्याच्या खाणींत उष्माघाताने कामगार दगावत. तेथे १९३० च्या दशकात एक गोष्ट ध्यानात आली. नव्या कामगाराला एकदम पूर्ण काम न देता ते दिवसेंदिवस वाढवत नेले, तर त्याच उष्णतेत तो सुरक्षितपणे काम करू शकतो. या बदलास साधारणपणे सात ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते व हृदयाचे ठोके त्याच श्रमाला कमी पडू लागतात. घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि पुढे त्यातील मीठही कमी होते. नुसते उन्हात बसून हा लाभ पुरेसा होत नाही, उष्ण हवेत श्रम करावे लागतात. पंख्याखाली परीक्षेचा अभ्यास करून दुसऱ्याच दिवशी शिबिराला निघालेल्या मुलाचे शरीर या दृष्टीने अगदी नवखे असते.

एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या भरतात, हे आपल्या पथ्यावर पडते. शाळा सुटण्यापूर्वी, दुपारचे कडक ऊन टाळून, पहिल्या दिवशी वीस मिनिटे झपझप चालावे. रोज थोडी वेळ वाढवत दुसऱ्या आठवड्यात तासावर यावे आणि मग पाठीवर पिशवी घ्यावी. मुलांना पूर्ण दोन आठवडे द्यावेत. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या मुलाला विश्रांती द्यावी व त्याचा सराव पुन्हा हळूहळू सुरू करावा. शाळा बंद झाल्यावर हा क्रम घरी चालू राहिला पाहिजे, कारण खंड पडल्यास मिळवलेला लाभ दोन-चार आठवड्यांत ओसरतो.

या काळात एक सोपे मापन करता येते. चालण्यापूर्वी व चालून आल्यावर घाम पुसून वजन करावे. मधल्या काळात प्यालेले पाणी हिशेबात धरावे. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस किलोच्या मुलाची घट ८०० ग्रॅमवर, म्हणजे दोन टक्क्यांवर गेली तर श्रमशक्ती कमी होऊ लागते. आपल्याला तासाला किती पाणी लागते हे प्रत्येक मुलाला अशा रीतीने स्वतःच्या आकड्यावरून कळते. पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. म्हणून नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नाही, जोडीला खारे खाणे किंवा मीठ घातलेले ताक असावे.

दमट हवेचा धोका

नागपूरचे ४४ अंश ऐकून आपण दचकतो आणि कोकणातील ३४ अंश सौम्य मानतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही. प्रयोगशाळेतील दोन तापमाप्या घ्या, एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा व दोन्हींना वारा घाला. ओल्या तापमापीचा आकडा घामाने त्वचा किती थंड होऊ शकेल याचा अंदाज देतो. हा आकडा ३५ वर गेल्यास सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही तग धरू शकणार नाही असे गणिताने मानले जाई. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुणांवर झालेल्या प्रयोगांत (२०२२) दमट हवेतील मर्यादा त्याहून खाली, सुमारे ३१ अंशांवर आढळली, आणि तीही अगदी हलक्या हालचालींत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे विसरता येणार नाही.

म्हणून मुलांना एक लक्षण पाठच करवावे. उन्हात चालणारा सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा विनाकारण चिडू लागला तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असो वा नसो. ताबडतोब मोठ्यांना हाक मारावी, त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे व वारा घालत राहावे. आधी शरीर थंड करणे, मग दवाखान्याकडे नेणे हा क्रम पाळावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

घड्याळाची युक्ती आणि आपला अक्षांश

शिबिराच्या पुस्तकांत दिशा ओळखण्याची एक युक्ती हमखास असते. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे करा, तासकाटा व बाराचा आकडा यांमधील कोन दुभागा, ती दक्षिण दिशा. युरोपात ही युक्ती बरीच उपयोगी पडते, कारण तेथे सूर्य माध्यान्ही नेहमी दक्षिणेला असतो. आपण मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेला व नागपुरात २६ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैपर्यंत तो माध्यान्ही चक्क उत्तरेला असतो. मेच्या मध्यावर पुण्यात सकाळी दहा वाजता ही युक्ती वापरली तर साठ अंशांहून अधिक चूक होते. दक्षिणेकडे निघालो असे समजणारा मुलगा जवळजवळ पूर्वेकडे चालत राहील.

हे मुलांना सांगू नका, मैदानावर करून पाहू द्या. शाळेच्या आवारात होकायंत्र व घड्याळ घेऊन दोन दिशा आखायला सांगा. मग एक मीटरची काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, वीस मिनिटांनी दुसरा ठेवा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पूर्वेकडे जाते. सकाळी दहाच्या सुमारास तीत दहाएक अंशांची चूक असते, दुपार जवळ येईल तशी ती कमी होते. होकायंत्राचीही परीक्षा घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत फारसे अंतर नाही, परंतु सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट असते. खडकावर टेकवलेली सुई फसवू शकते, म्हणून यंत्र हातात धरून दोन-तीन ठिकाणी वाचावे. ध्रुवतारा तर पुण्याहून क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो. हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींपेक्षाही कमी, त्यामुळे दरीत तो डोंगराआड जातो.

अर्थात वाट चुकलेल्या मुलाने दिशा शोधत भटकू नये, हा नियम सर्वांत आधी. थांबावे, सावलीत बसावे, शिट्टीचे तीन फुंकर मारून वाट पाहावी व पुन्हा तीन फुंकर मारावेत. हेही मैदानावर चार वेळा करवून घ्यावे, म्हणजे घाबरलेल्या क्षणी ते आठवेल.

या सर्वांस लागणारे साहित्य प्रत्येक शाळेत आहे: वजनकाटा, दोन तापमाप्या, एक काठी, होकायंत्र. जी मुले शिबिराला जाणार नाहीत त्यांनाही या प्रयोगांत घ्यावे, कारण एप्रिल-मेचे ऊन त्यांच्याही वाट्याला येते. शिबिर ठरल्यावर मात्र आयोजकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिल्या तीन दिवसांची चाल किती, आणि दुपारी बारा ते चार मुले कोठे असतील? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पालकांच्या संमतिपत्रावर सही घेण्याची घाई करू नये.